शून्य गुन्ह्यांचे गाव

खेडे म्हटले की शहरातील सुशिक्षित माणसाच्या मनात एक ठरावीक चित्र उभे राहते. कडी न लावलेले दार, ओसरीवर विसावलेली म्हातारी, रात्री-अपरात्री एकटी शेतावर जाणारी बाई आणि एकमेकांस नावाने, नव्हे घराण्याने ओळखणारी माणसे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील शनिशिंगणापूरने या चित्रास जणू राजमान्यताच मिळवून दिली. घरांना दारे नसलेले गाव म्हणून त्याची कीर्ती देशभर पसरली. २०११ मध्ये एका राष्ट्रीयीकृत बँकेने तेथे कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा तर त्या कीर्तीवर कळसच चढला. त्याच गावात पुढे २०१५ मध्ये पोलीस ठाणे सुरू झाले, ही गोष्ट मात्र त्या कौतुकात सहसा सांगितली जात नाही.

शिंगणापूरच्या श्रद्धेविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. प्रश्न आहे तो त्या कौतुकामागील समजुतीचा. चोरी नाही म्हणजे गुन्हा नाही, आणि गुन्ह्याची नोंद नाही म्हणजे गाव सुरक्षित आहे, अशी ही दुपदरी समजूत आहे. शासकीय अहवाल, पुढाऱ्यांची भाषणे आणि गावोगावच्या स्वागतकमानी या सर्वांनी ती पोसली आहे. ती कितपत खरी, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

प्रथम आकड्यांचा विचार करणे सोयीचे ठरेल. गुन्ह्यांचे प्रमाण दर एक लाख लोकसंख्येमागे मोजण्याची रीत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात २८,५२२ खुनांची नोंद झाली. म्हणजे लाखामागे २.१. आता आठशे वस्तीचे एखादे खेडे घेतले आणि तेथील परिस्थिती देशाच्या सरासरीइतकीच बरी-वाईट आहे असे मानले, तर त्या गावात साधारणतः साठ वर्षांतून एक खून व्हावा. याचा अर्थ असा की, गावात दोन पिढ्यांत खून झाला नाही यात त्या गावाचे काही विशेष पुण्य नाही. तो केवळ लहान संख्येचा हिशेब आहे. उलट एखाद्या वर्षी तेथे दुर्दैवाने एक खून झाला, तर त्या वर्षापुरते गावाचे प्रमाण लाखामागे १२५ होते. देशाच्या सरासरीच्या सुमारे साठ पट! मग ते गाव देशातील अत्यंत भयंकर ठिकाण ठरवावयाचे काय? अर्थातच नाही. जो मापदंड महानगरास किंवा जिल्ह्यास लावावयाचा, तो मूठभर घरांच्या वस्तीस लावला की त्यातून एकतर शून्य निघते किंवा अक्राळविक्राळ आकडा. दोन्ही सारखेच निरर्थक होत. या दोहोंपैकी अक्राळविक्राळ आकड्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही, पण शून्यावर मात्र सर्वांचा विश्वास बसतो. खरी अडचण येथे आहे.

कारण शून्य म्हणजे घटनेचा अभाव नव्हे, नोंदीचा अभाव होय. घटना घडणे आणि ती ठाण्याच्या दप्तरात लिहिली जाणे यांत शहरात दोन रस्त्यांचे अंतर असेल. खेड्यात ते कित्येक कोसांचे असते, आणि त्यातील बरेचसे अंतर मैलांत मोजता येत नाही. शेजाऱ्याने बांध कोरला, पाण्याच्या पाळीवरून डोके फुटले, विहिरीवरील मोटारपंप रातोरात नाहीसा झाला, दारू पिऊन आलेल्या नवऱ्याने बायकोला मरेस्तोवर मारले, सालगड्याच्या मुलीची कोणी वाट अडवली, अशी प्रकरणे प्रथम भावकीत जातात, मग गावातील वडीलधाऱ्यांकडे, मग पोलीस पाटलाकडे. त्यानंतर काही उरलेच तर ते ठाण्याकडे जाते. या प्रत्येक पायरीवर समजूत घालणारे कोणी ना कोणी उभेच असते. ‘गावची अब्रू चव्हाट्यावर कशाला?’ हा त्यांचा प्रश्न असतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची तोच मजुरी देणारा असतो. त्याचाच चुलतभाऊ किराणा दुकान चालवितो. त्याच्याच शेतातून वस्तीवर जाण्याची वाट असते. ठाण्याला जाण्यात एक दिवसाची मजुरी बुडते, हे तर निराळेच. अशा माणसाने तक्रार केली नाही तर त्यास भित्रा म्हणणे अन्यायाचे होईल. त्याने आपल्यापुरता हिशेब केलेला असतो आणि तो बहुधा बरोबर असतो.

गावातील तंटे गावातच मिटावेत या हेतूने महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. तिच्यातील चांगला भाग नाकारण्याचे कारण नाही. बांधाच्या वादापायी दोन-दोन पिढ्या तालुक्याच्या न्यायालयात खेटे घालणारी कुटुंबे महाराष्ट्रात थोडीथोडकी नाहीत. त्यांची सुटका समितीपुढील एका बैठकीत होत असेल तर ते इष्टच होय. समितीने मिटवावयाचे फौजदारी तंटेही कायद्याने तडजोडीस पात्र असलेलेच असावेत, असे बंधन त्या मोहिमेत आहे. तथापि तंटामुक्त ठरलेल्या गावास शासनाचे रोख पारितोषिक मिळते, तेव्हा नोंद न होण्यात साऱ्या गावाचा हितसंबंध निर्माण होतो, हेही विसरता येत नाही. ज्याची तक्रार खरी आहे त्याच्यावर पूर्वी केवळ आरोपीचे दडपण असे. आता गावच्या बक्षिसाचेही येऊ शकते. तंटा मिटणे आणि तंटा मिटविला जाणे यांतील भेद ओळखण्याची सोय कोणत्याही गुणपत्रिकेत नसते.

हे केवळ तर्काचे बोलणे नव्हे. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी हे हजाराहून कमी वस्तीचे गाव. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे एका दलित कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलगे अशा चौघांची जमावाने हत्या केली. शेताच्या वाटेवरून त्या कुटुंबाचा आणि गावकऱ्यांचा वाद जुना होता. पण प्रत्यक्ष निमित्त निराळेच होते. त्या कुटुंबाशी निकटचे संबंध असलेल्या, शेजारच्या गावच्या पोलीस पाटलास काही दिवसांपूर्वी मारहाण झाली होती आणि त्या प्रकरणात या मायलेकींनी पोलिसांपुढे साक्ष दिली होती. अटक झालेले आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी हे हत्याकांड घडले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले; २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सहा जणांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. दोन्ही न्यायालयांनी अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू न करता हे कृत्य सूडाचे मानले. त्या निष्कर्षावर कडक टीका झाली आणि ती रास्तही होती. परंतु तो निष्कर्ष जसाच्या तसा मान्य केला तरी प्रश्न उरतोच. सूड कशाचा? तर पोलिसांपुढे खरे सांगितल्याचा. म्हणजे ज्या गावातील दोन स्त्रियांनी घटना आणि नोंद यांमधील ते कित्येक कोसांचे अंतर धैर्याने तोडले, त्यांना त्या धैर्याचीच शिक्षा झाली. अशा गावात त्यानंतर नोंदीचा आकडा खाली आला तर तो कोणत्या खात्यात जमा धरावयाचा?

सुरक्षिततेची ही एक बाजू झाली. दुसरीही तितकीच विचार करण्याजोगी आहे. लहान गाव आतील माणसांचे गुन्हे झाकते, तसेच ते बाहेरच्या माणसास चटकन गुन्हेगार ठरविते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठार केले. मोबाईल फोनवरून पसरलेल्या अफवेखेरीज त्या संशयास कोणताही आधार नव्हता. त्यांना मारले गेले ती जागा म्हणजे ग्रामपंचायतीच्या कार्यालयाची खोली! १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची अशीच हत्या झाली. तेथे तर पोलीस हजर होते. या दोन्ही ठिकाणी जमलेल्या लोकांची समजूत आपण गावाचे रक्षण करीत आहोत अशीच होती. दारांना कड्या नसणे हे ज्या परस्पर ओळखीचे फळ, त्याच ओळखीचे हे दुसरे रूप होय. जो ओळखीचा नाही त्यास ते गाव सुरक्षित नसते, आणि जो ओळखीचा असूनही दुबळा आहे त्यासही नसते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, खेड्यातील परस्परांची जाण हीच खरी पोलीस चौकी आहे. ती मोडून गावोगाव ठाणी उभारणे परवडणारेही नाही आणि इष्टही नाही. या म्हणण्यात बराच तथ्यांश आहे. देशातील खेड्यांची संख्या सहा लाखांच्या घरात आहे आणि प्रत्येक ठिकाणी शिपाई बसविणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. आग लागली, पूर आला, साप चावला, की धावून येतो तो शेजारीच. हे शहरवासीयाने हेवा करावा असे वैभव आहे. परंतु शेजारधर्म आणि कायदा यांना एकमेकांचे पर्याय मानण्यात चूक होते. शेजारधर्म संकटात उपयोगी पडतो. शेजारीच संकट होऊन बसतो तेव्हा कायद्यावाचून गत्यंतर नसते.

मग उपाय काय? कायद्यांचा तुटवडा आहे असे म्हणता येणार नाही. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाचे वंशपरंपरागत पद जाऊन नेमणुकीचे पद आले. वाळीत टाकण्याच्या प्रथेविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि तो २०१७ पासून अमलात आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच ती नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही ठाण्यात फिर्याद देण्याची मुभा दिली आहे. ११२ हा क्रमांक फिरविला की मदत मागता येते. उणीव आहे ती या तरतुदी वस्तीपर्यंत पोहोचण्याची.

त्यासाठी काही गोष्टी फारशा खर्चाविना करता येण्याजोग्या आहेत. लहान गावांचे गुन्ह्यांचे प्रमाण वर्षाचे न काढता दहा वर्षांचे आणि ठाण्याच्या साऱ्या हद्दीचे एकत्र काढावे. तक्रारी किती आल्या याबरोबरच त्या कोणाकडून आल्या, हेही पाहावे. ज्या हद्दीतून वर्षानुवर्षे एकाही स्त्रीची, एकाही भूमिहीनाची फिर्याद येत नाही, तेथे अभिनंदनाचे पत्र न पाठविता अधिकारी पाठवावा. त्या अधिकाऱ्याने सरपंचाच्या घरी चहा घेऊन परतण्याऐवजी गावाबाहेरच्या वस्तीवर बसावे. समितीने मिटविलेल्या प्रत्येक तंट्यात दुर्बल बाजूस काय मिळाले, याची फेरतपासणी सहा महिन्यांनी व्हावी. आणि साक्ष देणाऱ्याचे रक्षण हे आरोपी जामिनावर सुटण्यापूर्वी ठरलेले असावे, नंतर नव्हे.

यात गावातील नोकरदारांवर येणारी जबाबदारीही थोडी नाही. शाळेतील शिक्षक, ग्रामपंचायतीतील लेखनिक, तलाठी ही माणसे बहुधा त्या गावच्या भावकीतील नसतात, म्हणूनच त्यांच्यापाशी बोलणे सोपे जाते. बालकांच्या लैंगिक शोषणाची माहिती असूनही ती पोलिसांना न कळविणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा ठरविला आहे. तेथे ‘गावचे प्रकरण गावाने पाहावे’ असे म्हणण्याची सवलत शिक्षकास नाही. सुटीत गावी जाणाऱ्या विद्यार्थ्यानेही आपल्या चुलत्याला फिर्याद लिहून देण्याइतके किंवा फोनवर आलेली अफवा पुढे न पाठविण्याइतके काम करावयास हरकत नसावी.

गाव सुरक्षित आहे की नाही हे शोधून काढण्यासाठी दप्तरातील शून्याकडे पाहून भागणार नाही. गावातील सर्वांत दुबळ्या माणसाने सर्वांत बलवान माणसाविरुद्ध तक्रार नोंदवावी, आणि दुसऱ्या दिवशी त्याला नळाचे पाणी, दुकानातील मीठ आणि शेतावरचे काम पूर्वीप्रमाणेच मिळावे. ज्या गावात हे घडते, तेथे दारे असोत वा नसोत, त्या गावास सुरक्षित म्हणावयास प्रत्यवाय नाही.