शब्द हटला, दुष्काळ राहिला

पाऊस न पडणे हे अवर्षण. त्यापायी घरातले धान्य, हातचे काम आणि दावणीचे जनावर जाते, तेव्हा तो दुष्काळ. लोकभाषेने जपलेला हा भेद महाराष्ट्राने १९६३ साली कायदा करून पुसला. राज्यात लागू असलेल्या कायद्यांतून दुष्काळवाचक ‘फॅमिन’ हा शब्द वगळून तेथे टंचाईवाचक शब्द घालण्यात आला. शासन सतत लक्ष ठेवून असल्याने दुष्काळास आता वावच उरलेला नाही, हे त्यामागील कारण. नऊच वर्षांनी, १९७२ साली, लाखो शेतकरी व मजूर खडी फोडण्याच्या कामावर आले.

पुढे ‘दुष्काळसदृश’ हा शब्द रूढ झाला. २०१६ च्या मे महिन्यात शासनाला त्याजागी ‘दुष्काळ’ म्हणावे लागले. तरीही २०२३ साली बुलढाणा जिल्ह्यातील बुलढाणा व लोणार हे दोनच तालुके राज्यातील चाळीस दुष्काळी तालुक्यांत आले. त्यांबाहेरील १०२१ महसूल मंडळांच्या वाट्याला पुन्हा ‘सदृश’च आले.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. जमीन महसुलातील सूट, कर्जवसुलीची स्थगिती, विद्यार्थ्यांची परीक्षा फीमाफी या साऱ्या गोष्टी घोषणेवर अवलंबून असतात. शब्द सैलपणे वापरू नये, निकष हवेतच, हे खरे. परंतु त्यांचा भर मुख्यतः पाऊस, पेरा आणि जमिनीतील ओल यांसारख्या गोष्टींवर असतो. मजुराचे किती दिवस कामाविना गेले, हेही मोजले जाईल, तेव्हाच सरकारी शब्दाला लोकांच्या शब्दाचा अर्थ येईल.