पंचनाम्याच्या आधी या : भिवंडीच्या कारभाऱ्यांना अखेरचा इशारा

‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३५ ते ४०, बांधा सडपातळ, अंगात निळा शर्ट, उजव्या मनगटावर गोंदण.’ गेल्या पावसाळ्यात उड्डाणपुलाखाली सापडलेल्या एका माणसाचं वर्णन कागदावर असं उतरलं. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंच आले, गाडी आली, शवविच्छेदन झालं. सगळं काही तासांत उरकलं. आम्हाला त्या माणसाचं नाव ठाऊक होतं, गाव ठाऊक होतं, गावाकडे त्याच्या दोन मुली आहेत हेही ठाऊक होतं. पण आम्ही पोहोचेपर्यंत ‘अनोळखी’ लिहून झालं होतं.

भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेचे आयुक्त, ठाण्याचे जिल्हा शल्यचिकित्सक, परिमंडळ दोनचे पोलीस उपायुक्त आणि या शहराच्या घामावर मोठे झालेले लूममालक, गोदाममालक, औषधविक्रेते, हा इशारा तुम्हा सर्वांना आहे. मेलेल्या माणसासाठी जी यंत्रणा न बोलावता धावते, ती तो जिवंत असताना धावली पाहिजे. त्यासाठी २ ऑक्टोबर ही मुदत आहे. अर्ज, निवेदनं, भेटीगाठी सगळं करून झालं. आता विनंती नाही.

पुलाखाली सापडलेला तो माणूस लूमवर रात्रपाळी करायचा. सतराव्या वर्षी पूर्व उत्तर प्रदेशातून आला आणि बारा तासांच्या पाळीला लागला. दिवसा झोपायला खाट होती, तीही दुसऱ्या पाळीच्या माणसाबरोबर वाटून घेतलेली. भिंतीपलीकडे लूमचा खडखडाट अखंड. झोप लागावी म्हणून कोणीतरी गोळी दिली. कापसाच्या तुसानं खोकला धरला म्हणून बाटली आणली, ती खोकला गेल्यावरही सुटली नाही. मग देशी दारू. शांतीनगरपासून नारपोलीपर्यंत कुठल्याही गल्लीत विचारा, ही वाट कोणाला नवी नाही.

भिवंडीत माणूस बेघर कसा होतो, हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही. इथं काम, खाट आणि ताट एकाच दोरीला बांधलेलं असतं. भिसीवाला, म्हणजे खाणावळवाला, महिनाभर उधारीवर जेवू घालतो, कारण पगाराच्या दिवशी माणूस लूमवर सापडणार याची त्याला खात्री असते. खोलीतली जागा मुकादमाच्या शब्दावर मिळालेली असते. हात थरथरायला लागले, तुटलेला धागा जोडता येईना, कापडात खोट यायला लागली की मुकादम सांगतो, उद्यापासून येऊ नको. त्याच दिवशी खाट जाते आणि दोन दिवसांत ताटही जातं. उरतं ते पुलाखालचं कोरडं ठिकाण. म्हणून या शहरात व्यसन आणि बेघरपणा हे दोन वेगळे प्रश्न मानून दोन वेगळ्या टेबलांवर फायली फिरवणं थांबवा. माणूस एकच आहे.

आम्ही त्याला पाहिलं तेव्हा पैसे संपल्यामुळे दारू बंद होऊन तिसरा दिवस होता. घामानं निथळत होता. शर्टावरचे किडे एकेक करून चिमटीत पकडत होता आणि बाजूला टाकत होता. शर्टावर किडे नव्हते. मध्येच माझा हात धरून म्हणायचा, “भाईसाब, बीम खाली हो गया है, सेठ को बोलो.”

ज्यांना हे सोंग वाटतं त्यांनी नीट वाचावं. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, नसलेलं दिसतं, नसलेलं ऐकू येतं, नाडी धावते, ताप चढतो. उपचार झाले नाहीत तर माणूस मरतो. आणि उपचार काही दुर्मीळ नाहीत. शांत करणारी ठरावीक औषधं, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, द्रव आणि आठवडाभर लक्ष ठेवणारी नर्स एवढ्यानं तो वाचतो. ब्राऊन शुगरची गोष्ट निराळी. ती सुटताना येणाऱ्या अवस्थेला व्यसनी लोक ‘टर्की’ म्हणतात. हाडं मोडल्यासारखी दुखतात, पोटात मुरडा येतो, झोप उडते. सहसा त्यातून माणूस दगावत नाही. पण त्याला महिनाभर कोंडून तसाच बाहेर सोडलात तर शरीराची सहनशक्ती गेलेली असते, आणि पहिल्याच दिवशी जुन्या मापानं घेतलं की श्वास बंद पडतो. म्हणून ‘उचला आणि कुठेतरी डांबा’ हा उपाय सुचवणाऱ्यांना आम्ही जाहीर बजावतो की तुम्ही मरणाची तारीख फक्त पुढे ढकलता.

त्याला रिक्षात घालून आम्ही एका सरकारी दवाखान्यात नेलं. दवाखान्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण खोट एका इमारतीत नाही. सलाईन लावलं. पहाटे विचारणा झाली : नातेवाईक कोण? आधार कार्ड कुठंय? मग सांगितलं, व्यसनाची केस आहे, ठाण्याला न्या. दुसऱ्या ठिकाणी रात्रीच्या निवाऱ्यासाठी विचारलं तर उत्तर मिळालं की नशेतल्या माणसाला आत घेत नाही. म्हणजे छप्पर हवं तर आधी व्यसन सोडून ये, आणि व्यसन सोडायचं तर आधी घरचं माणूस घेऊन ये. रिक्षावाल्यानं परतीचे पैसे घेतले नाहीत. पाचव्या दिवशी तो गेला.

आता कायदा ऐका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था ‘मानसिक आजार’ या व्याख्येतच घेतल्या आहेत. कलम १८ सांगतं की दारिद्र्यरेषेखालच्या, निराधार आणि बेघर माणसाला हे उपचार मोफत मिळणं हा त्याचा हक्क आहे, दारिद्र्यरेषेचं कार्ड नसलं तरीही. स्वतःहून उपचार मागणाऱ्या सज्ञान माणसाला स्वतःच्या सहीवर दाखल होता येतं, नातेवाइकाची अट कायद्यात नाही. रस्त्यावर भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा आजारी माणूस दिसला तर कलम १०० नुसार पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं आहे. कोठडीत ठेवायचं नाही. दाखल करण्याची गरज नसेल आणि तो बेघर असेल तर सरकारी निवाऱ्यात पोहोचवायचं आहे. डोकं सक्तीनं भादरणं, साखळीनं बांधणं याला याच कायद्यानं बंदी आहे. व्यसनमुक्तीच्या पाट्या लावून हे करणाऱ्या प्रत्येक खासगी कोंडवाड्याला आम्ही सांगतो, तुमची नोंदणी काढून ठेवा, ती तपासली जाणार आहे.

निवाऱ्यांचंही गणित सरकारनंच घालून दिलेलं आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषात दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक कायमस्वरूपी निवारा, माणशी किमान ५० चौरस फूट जागा, असं ठरलं. २०११ च्या जनगणनेत भिवंडी महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ७,०९,६६५ होती. म्हणजे तेव्हाच्याच हिशेबानं सात निवारे. आयुक्तसाहेब, सातही निवाऱ्यांचे पत्ते, खाटांची संख्या आणि रात्री दार उघडणाऱ्याचा फोन नंबर मुख्यालयाच्या दारावर, एसटी स्टँडवर आणि भिवंडी रोड स्टेशनवर ठळक अक्षरांत लावा. जितके पत्ते कमी भरतील तितके तुम्ही आमचे देणेकरी आहात.

देशाचं चित्रही याहून वेगळं नाही. सामाजिक न्याय मंत्रालय आणि दिल्लीच्या एम्सनं २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार दारूच्या आहारी पूर्ण गेलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळतो, आणि अमली पदार्थांच्या बाबतीत वीसपैकी एकाला. हुंगायचे पदार्थ हा तर असा प्रकार आहे की त्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त निघालं. वंजारपट्टी नाक्याकडे संध्याकाळी फिरून या. नाकाशी फडकं धरून बसलेलं बारा वर्षांचं पोर तुम्हाला दिसलं नाही, असं तुमच्यापैकी एकानं तरी शपथेवर सांगावं. १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, दोन्ही चांगल्या आहेत, घराघरांत लिहून ठेवाव्यात. पण पुलाखालच्या माणसाचा फोन पहिल्याच आठवड्यात विकला जातो. त्याच्याकडे चालत जावं लागतं.

हे होऊ शकतं, महाराष्ट्रानं करून दाखवलं आहे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीनं. तिथं व्यसनी माणसाला ‘पेशंट’ म्हटलं गेलं, हीच तेव्हा मोठी गोष्ट होती. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आंघोळ घालून, बरं करून, पत्ता शोधून घरी पोहोचवण्याचं काम डॉ. भरत वाटवानींची ‘श्रद्धा’ संस्था कर्जतला करते, २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कर्जत काही परदेशात नाही.

आणि भिवंडीला लोकांना जोडून काम करायला कोणी शिकवायची गरज नाही. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे शहर जाळलं. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पोलीस आणि हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांतले साधे लोक नियमित एका सतरंजीवर बसू लागले. १९९२-९३ च्या हिवाळ्यात मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या सतरंज्या पुन्हा पसरा. कुठल्या गल्लीत कोण कोसळतोय हे तिथल्या चहावाल्याला, मशिदीच्या मुअज्जिनला, मंडळाच्या पोरांना सगळ्यांत आधी कळतं.

२ ऑक्टोबरच्या आत काय व्हायला हवं ते स्पष्ट सांगतो. इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात दारू आणि अमली पदार्थ तुटल्यावरच्या उपचारांसाठी किमान दहा खाटा, रात्रंदिवस, नातेवाइकाविना, आधारविना. पाळी सुटते त्या वेळेला चालणारी व्यसनोपचाराची ओपीडी, कारण सकाळी अकराला लूम सोडून येणाऱ्याचा खाडा पडतो. ब्राऊन शुगर आणि इंजेक्शनवाल्यांसाठी ब्युप्रेनॉर्फिनचे पर्यायी उपचार शहरातच, रोजच्या रोज. एक निवारा असा, ज्याचं दार प्यायलेल्या माणसालाही उघडेल. बायकांसाठी वेगळा निवारा, आणि तो आधी. पुलाखाली रात्री बाई दिसत नाही याचा अर्थ ती नाही असा होत नाही. ती निजत नाही, उजाडेपर्यंत चालत राहते.

औषधविक्रेत्यांनो, कोडीनचं सिरप आणि अल्प्राझोलम या गोष्टी शेड्यूल एच-वनमध्ये आहेत. डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिलं, हे वेगळ्या रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपायचं असतं. तुमच्यातले बहुतेक प्रामाणिक आहेत. जे नाहीत त्यांच्या दुकानांची यादी आम्ही केली आहे आणि ती अन्न व औषध प्रशासनाकडे जाणार आहे. पोलिसांनो, ऑगस्ट २०२४ मध्ये गुजरातच्या दहशतवादविरोधी पथकानं येऊन भिवंडीतल्या एका फ्लॅटमधून सुमारे ८०० किलो द्रवरूप एमडी (मेफेड्रोन) पकडलं. असे कारखाने शोधा, त्यात आम्ही तुमच्या बरोबर आहोत. पण दहा रुपयांची गोळी खाल्लेल्याला उचलून शहराच्या हद्दीबाहेर सोडलंत, तर त्या गाडीचा नंबर आम्ही लिहून घेऊ. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देतं, हे प्रत्येक चौकीच्या भिंतीवर लावा. आणि लूममालकांनो, हात थरथरणाऱ्या माणसाला कामावरून काढायचं असेल तर काढा, पण खाट महिनाभर काढू नका, आणि त्याच दिवशी मोहल्ल्यात कळवा.

हे झालं नाही तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे आणि मानवी हक्क आयोगाकडे तक्रारी जातील आणि मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल होईल. गेल्या पावसाळ्यापासूनच्या आमच्या वह्या, तारीख-वार नोंदींसकट, त्या याचिकेला जोडल्या जातील.

२ ऑक्टोबरला राज्यात व्यसनमुक्तीचा सप्ताह सुरू होतो. शाळकरी मुलांच्या हाती फलक देऊन फेऱ्या निघतील, शपथा होतील. ३ ऑक्टोबरला सकाळी दहा वाजता आम्ही पुलाखालच्या, स्टेशनवरच्या, नाक्यांवरच्या माणसांना घेऊन महापालिकेच्या दारात बसू. ती माणसं आपली गाठोडी घेऊन येतील आणि खाट मिळेपर्यंत उठणार नाहीत. त्यांतल्या काहींची दारू त्या दिवशी तुटलेली असेल, काहींना फिट येऊ शकते. पाणी, सावली, एक डॉक्टर आणि रुग्णवाहिका दारात तयार ठेवा. त्यांची नावं आम्ही आधीच लिहून देऊ.