‘सिंहासन’ दिगूसाठी पाहावा
कुणी पक्ष बदलला की लोकांना ‘सिंहासन’ चित्रपट आठवतो. मलाही आठवतो, पण खुर्चीसाठी नव्हे, दिगू टिपणीससाठी. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी १९७९मध्ये चित्रपट केला. सरनाईकांचा मुख्यमंत्री, डॉ. लागूंचा अर्थमंत्री जबरदस्तच. पण निळू फुले! ज्यांच्या खलनायकाला गावोगावच्या बायका शिव्या घालत, त्यांनी इथे सगळं कळूनही काहीच बदलू न शकणारा पत्रकार दिगू उभा केला. आज या चित्रपटातले डावपेच तेवढे कौतुकाने सांगितले जातात, याचं मला फार वाईट वाटतं. दिगूला शेवटी वेड लागतं, ते हेच डावपेच जवळून पाहून. पत्रकारितेच्या प्रत्येक वर्गात ‘सिंहासन’ दाखवावा आणि चर्चा मुख्यमंत्र्यावर नको, दिगूवर व्हावी.