मुलाला आलेली रिअ‍ॅक्शन कागदावर लिहा!

आईवडिलांनो, सिस्टर, डॉक्टर आणि रुग्णालयांचे व्यवस्थापक हो,

शिरेतून इंजेक्शन सुरू होतं आणि काही मिनिटांत पोराच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास लागतो. वॉर्डात धावपळ होते, मूल वाचतं. पण डिस्चार्ज कार्डवर त्या औषधाचं नावही नसतं. आईला तोंडी सांगतात, "याला इंजेक्शन सोसत नाही." कोणतं इंजेक्शन? पुढच्या आजारपणात दुसऱ्या गावचा डॉक्टर तेच औषध पुन्हा सोडतो. याला नशीब म्हणायला आम्ही तयार नाही.

प्रत्येक रिअ‍ॅक्शन अ‍ॅलर्जी नसते. व्हॅन्कोमायसिन किमान तासभर, सावकाश द्यायचं असतं. घाईने दिलं तर मूल लालबुंद होतं, रक्तदाब घसरू शकतो. इथे चूक बहुधा वेगाची असते, आणि 'अ‍ॅलर्जी' एवढंच लिहिलं तर गरजेचं औषध त्या मुलाला कायमचं बंद होतं. मुलांचा डोस वजनावर ठरतो, दशांशचिन्ह एक घर सरकलं की तो दहापट होतो. म्हणून औषध, डोस, बॅच नंबर, किती वेळात दिलं, त्रास केव्हा सुरू झाला, अ‍ॅड्रेनलिन केव्हा दिलं, हे सगळं केसपेपरवर आलंच पाहिजे.

लिहिण्याने काय होतं? १९८२ साली अमेरिकेत अपुऱ्या दिवसांची बाळं धापा टाकत दगावत होती. शिरेतली नळी धुण्याच्या सलाईनमध्ये टिकण्यासाठी बेंझिल अल्कोहोल घातलेलं असे. डॉक्टरांनी आपल्याच वॉर्डातले मृत्यू छापून जाहीर केले, तेव्हा कारण उघड झालं. १६ अर्भकांचे मृत्यू त्याच्याशी जोडले गेले. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचंही तसंच. आपल्याकडे हे इंजेक्शन सर्रास वापरलं जातं. कॅल्शियम असलेल्या सलाईनशी गाठ पडली की नवजात बाळाच्या फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत त्याचा साका बसू शकतो. अशा मृत्यूंच्या नोंदी झाल्या, म्हणूनच २००७ मध्ये इशारा निघाला. रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असतं, हे प्रत्येक नवजात कक्षात ठळक लिहिलेलं हवं.

भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय योजना आहे. गाझियाबादचा भारतीय औषधकोश आयोग ती चालवतो. नोंद करायला पुरावा लागत नाही, संशय पुरतो. रुग्णाची ओळख गुप्त राहते. नोंद केली म्हणजे चूक कबूल केली असा अर्थ होत नाही, हे फॉर्मवरच छापलेलं आहे. मग "भानगड नको" म्हणून सिस्टरच्या हातातलं पेन कोण थांबवतं? व्यवस्थापनाने उत्तर द्यावं.

नातेवाइकांनाही कळकळीने सांगतो: वॉर्डात तोडफोड करू नका, डॉक्टरवर हात उचलू नका. ज्या वॉर्डात मार बसतो तिथे पुढच्या रिअ‍ॅक्शनची नोंद कुणी करत नाही आणि ती किंमत दुसऱ्याचं मूल मोजतं. हट्ट धरायचा तो कागदाचा. औषधाचं नाव आणि नेमकं काय झालं, हे डिस्चार्ज कार्डवर लिहून घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.

रुग्णालयाने टाळलं तर पालक स्वतः नोंद करू शकतात. फोन मोफत आहे: १८००-१८०-३०२४.