ज्ञानाच्या वाटेवरचा जकातनाका

१९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी एका मोठ्या अभ्यासास आरंभ झाला. लिंबागणेशहून त्या जिल्ह्याची हद्द फार दूर नाही; माणसे तीच, दुष्काळ तोच. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया ५२ ग्रामसमूहांतून या अभ्यासात घेतल्या गेल्या. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा तो संयुक्त उपक्रम होता. पैसा अमेरिकेतील गेट्स फाउंडेशनचा. तीन गटांतील स्त्रियांची तीन निरनिराळ्या पद्धतींनी तपासणी झाली. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांची तशी तपासणी झाली नाही. २००९ मध्ये बोस्टनच्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी झालेल्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या होत्या, तपासणी न झालेल्या गटात ६४.

निष्कर्ष मोलाचा होता, याविषयी वाद नाही. गरीब देशांतील तपासणी-कार्यक्रमांना त्याने आधार दिला. परंतु त्या ६४ जणींचे काय, हा प्रश्न उरतोच. तपासणीने जीव वाचतो हे जगातील इतर देशांच्या अनुभवावरून ठाऊक असताना एक संपूर्ण गट तपासणीविना ठेवणे नीतीला धरून होते काय? संशोधकांचे उत्तर असे की, भारतात तेव्हा अशा तपासणीची नित्य व्यवस्थाच नव्हती. इतर खेडुत स्त्रियांना जे मिळत होते तेच या गटास मिळाले. उत्तर तर्काला धरून आहे, आणि तितकेच अस्वस्थ करणारेही आहे. कारण त्याचा अर्थ असा होतो की, शासनाने जिला काही दिले नाही तिला काही न देणे हाच संशोधनाचा मापदंड ठरू शकतो.

हा वाद २०१४ मध्ये उघडपणे झाला तो मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ या नियतकालिकात. आक्षेप तेथे छापला गेला आणि संशोधकांचे उत्तरही. हे नियतकालिक वाचण्यास पैसे पडत नाहीत, त्यात लिहिण्यासही पडत नाहीत. कोणत्याही बड्या प्रकाशन-कंपनीच्या मालकीचे ते नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या निवडणुकीतील गैरप्रकारांनी अस्वस्थ झालेल्या काही डॉक्टरांनी एकत्र येऊन १९९३ मध्ये ते सुरू केले. वैद्यकीय नियतकालिकांची नीती आणि त्यांची खुली उपलब्धता हे दोन वेगळे विषय आहेत, असे मानण्याची विद्वानांत प्रथा आहे. उस्मानाबादचा अनुभव सांगतो की ते एकच आहेत. जे सर्वांना वाचता येत नाही त्याचा जाब सर्वांना विचारता येत नाही.

आता या व्यवसायाचे अर्थशास्त्र पाहू; कार्यकर्त्यांना ते सहसा कोणी सांगत नाही. संशोधनाचा खर्च बहुतांशी जनतेचा. संशोधकाचा पगार जनतेचा. रुग्ण, ज्याच्या देहावर हे सारे उभे राहते, तो सरकारी इस्पितळातला. शोधनिबंध लिहून झाला की संशोधक तो नियतकालिकाला फुकट देतो. त्याची पारख करणारे तज्ज्ञही मोबदला घेत नाहीत. आम्ही स्वतः नोकरीच्या काळात परदेशी नियतकालिकांसाठी असे परीक्षण कैक वेळा केले आणि तोच अंक आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला परवडत नाही म्हणून कधी पाहू शकलो नाही. कच्चा माल फुकट, श्रम फुकट आणि तयार माल त्याच कारागिरांच्या संस्थांना चढ्या भावाने विकणे! अशी सोय कोणत्याही गिरणीमालकास लाभलेली नाही. या क्षेत्रातील सर्वांत मोठी कंपनी एल्सेव्हिअर. शास्त्रीय प्रकाशनाच्या तिच्या धंद्यातील नफ्याचे प्रमाण शेकडा तीसच्या वर आहे. याला अर्थशास्त्रात नफा न म्हणता खंड म्हणावे. जमीनदार पेरीत नाही, कापीत नाही. तो फक्त वाट अडवून बसतो.

या धंद्याला आजचे रूप देण्यात ज्याचा मोठा वाटा होता तो रॉबर्ट मॅक्सवेल १९६४ ते १९७० या काळात ब्रिटनच्या मजूर पक्षाचा खासदार होता, हे समाजवाद्यांनी लाजेने नोंदवून ठेवावे. आपली पर्गमॉन ही प्रकाशन-संस्था त्याने १९९१ मध्ये एल्सेव्हिअरला विकली. त्याच वर्षी ‘द लॅन्सेट’ही त्याच कंपनीकडे गेले. हा ‘लॅन्सेट’ १८२३ मध्ये काढला टॉमस वॅक्ली या बंडखोर डॉक्टराने. लंडनच्या इस्पितळांतील नामवंत शल्यविशारद आपली व्याख्याने भरमसाट शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्यांपुरतीच राखून ठेवीत. वॅक्लीने ती सरळ छापावयास आरंभ केला. जॉन अ‍ॅबरनेथी नावाचे बडे शल्यविशारद त्याविरुद्ध न्यायालयात गेले. हाच वॅक्ली पुढे पार्लमेंटात गेला आणि संघटना बांधली म्हणून १८३४ मध्ये हद्दपार झालेल्या टॉलपडलच्या शेतमजुरांसाठी तेथे झगडला. ज्ञानावरील कुंपण मोडण्यासाठी जे पत्र जन्मले तेच आज कुंपणवाल्यांच्या मालमत्तेत जमा आहे!

महागडे नियतकालिक म्हणजे सचोटीचे नियतकालिक, असेही मानण्याचे कारण नाही. गोवराच्या लसीने मुलांना स्वमग्नता येते असे सुचविणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा निबंध १९९८ मध्ये याच ‘लॅन्सेट’ने छापला. बारा मुलांवर आधारलेला तो निबंध मागे घेण्यास २०१० साल उजाडले. तोवर कित्येक आईबापांनी मुलांना लस देण्याचे टाळले होते.

भारत सरकारने यावर काढलेला तोडगा म्हणजे ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके ६,३०० सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना त्यातून उपलब्ध होतात. आडगावच्या शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याला जे कधी दिसले नव्हते ते आता दिसते, या लाभास आम्ही नाकारीत नाही. पण वर्षाला दोन हजार कोटी देऊन आपण घेतले काय? मालकी नव्हे, केवळ तीन वर्षांची भाडेपट्टी. शिवाय योजना संस्थांची आहे, नागरिकांची नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी, आशा कार्यकर्ती, तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणारा डॉक्टर, आरोग्य-हक्कासाठी झगडणारी संघटना, स्वतः रुग्ण, ही सारी मंडळी नाक्याच्या अलीकडेच राहिली.

प्रकाशकांनीही दरम्यान नवी युक्ती शोधली. वाचकाकडून जकात घेण्याविरुद्ध ओरड झाली, तेव्हा त्यांनी नाका लेखकाच्या दारात नेला. निबंध सर्वांना खुला करावयाचा असेल तर लेखकाने पैसे भरावेत! ‘नेचर’ने २०२० मध्ये यासाठी जाहीर केलेला दर होता एका निबंधास साडेनऊ हजार युरो. या दराने मराठवाड्यातला कोणता अध्यापक लिहू शकेल? श्रीमंत देशाचा संशोधक लिहिणार आणि गरीब देशाचा फक्त वाचणार, अशी ही नवी वर्णव्यवस्था आहे.

या सौद्याच्या सावलीत एक अस्सल देशी रोपटेही फोफावले. पैसे घ्यावयाचे, कोणतेही परीक्षण करावयाचे नाही आणि जे येईल ते छापावयाचे. हैदराबादच्या ओमिक्स या कंपनीस अशा फसवणुकीबद्दल अमेरिकेतील न्यायालयाने २०१९ मध्ये पाच कोटी डॉलरांहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. या लुटारूंना गिऱ्हाईक कोणी पुरविले? आमच्याच नियमांनी. वैद्यकीय अध्यापकाची बढती भारतीय वैद्यक परिषदेने निबंधांच्या संख्येवर बांधली. ज्याला शिकवावयाचे आहे, रोगी तपासावयाचे आहेत, त्याच्या हातात मोजपट्टी दिली आणि ‘इतके निबंध आण’ म्हणून सांगितले. तो बाजारात गेला. त्यावर कडी म्हणजे २०१५ मध्ये परिषदेने केवळ संगणकावर निघणारी नियतकालिके बढतीसाठी धरण्याचेच नाकारले. चोर बाजूला राहिले आणि विनामूल्य, प्रामाणिकपणे चालणाऱ्या पत्रांवर बडगा पडला. पुढे तो नियम बदलला, पण मोजणीचे वेड गेले नाही.

पर्याय आहे काय? आहे, आणि तो शोधण्यास बोस्टनला जावे लागत नाही. परळच्या केईएम रुग्णालयातील अध्यापकांची संघटना १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ चालविते. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच त्यांनी ते जगाला विनामूल्य खुले केले आणि लेखकाकडूनही शुल्क घेतले नाही. एका महानगरपालिकेच्या इस्पितळाने हे करून दाखविले! मुंबईतच १९९७ मध्ये सुरू झालेल्या मेडनो या संस्थेने भारतातील अनेक वैद्यकीय संघटनांची नियतकालिके अशाच रीतीने जगापुढे आणली. मात्र २०११ मध्ये ती संस्था वोल्टर्स क्लुवर या डच कंपनीने विकत घेतली. सार्वजनिक हिताचे रोप लावावे आपण आणि फळ धरू लागताच कुंपण घालावे दुसऱ्याने, ही जुनीच कहाणी आहे. म्हणून आमचा आग्रह असा की, वर्गणीवर जाणाऱ्या रकमेचा एक निश्चित हिस्सा देशातील अशा दोन्ही बाजूंनी निःशुल्क नियतकालिकांना मिळावा आणि त्यांची मालकी विकता येणार नाही अशा विश्वस्त-संस्थेकडे राहावी.

येथे एक खरी अडचण आहे, ती लपविणे बरे नव्हे. शासनाच्या पैशावर चालणारे पत्र शासनाला अडचणीचे संशोधन छापील काय? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तो वृत्तपत्रांतून आणि स्त्री-संघटनांच्या रेट्याने. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. मुकादमाची उचल, खाड्याचा दंड, पाळीच्या दिवसांतही उभ्याने ऊस तोडण्याची सक्ती, फडावर ना पाणी ना आडोसा; आणि वर ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ म्हणून भिववणारा डॉक्टर. याचे वैद्यकीय संशोधन कोण करणार? महाराष्ट्रात साखरसम्राट आणि शिक्षणसम्राट ही कित्येकदा एकाच माणसाची दोन नावे असतात. खासगी वैद्यकीय महाविद्यालयाचा संस्थापक अन् कारखान्याचा अध्यक्ष एकच. अशा महाविद्यालयातील अध्यापकाने ऊसतोड स्त्रियांवर निबंध लिहिला, तर हितसंबंधांच्या रकान्यात काय लिहावे? औषध-कंपनीकडून मानधन घेतले नाही, एवढे लिहून तो मोकळा होतो. नीतिनियम परदेशातून आणले की ते परदेशातील पापेच तेवढी ओळखतात. या मातीतील हितसंबंध जाहीर करण्याची सक्ती येथील संपादकांनीच केली पाहिजे, आणि त्यासाठी संपादकाची नेमणूक मंत्रालयातून होता कामा नये.

खुलेपणाचा आणखी एक अर्थ आहे, ज्याचा विसर मुक्त प्रवेशाच्या पुरस्कर्त्यांनाही पडतो. इंग्रजीतला निबंध विनामूल्य मिळाला म्हणून लिंबागणेशच्या बाईला तो वाचता येत नाही. लोकभाषेवाचून लोकशाही नाही, हे लोहियांनी जन्मभर सांगितले. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील बालमृत्यूंचा अहवाल २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ या नावाने मराठीत काढला. सरकारचे आकडे किती थिटे आहेत हे सामान्य वाचकाला कळले आणि पुढे शासनाला मूल्यमापन-समिती नेमावी लागली. तोच मजकूर केवळ इंग्रजी नियतकालिकात राहिला असता, तर विधानसभेत इतका गदारोळ झाला असता, असे आम्हांस वाटत नाही.

गावात प्रश्नावली घेऊन कोणी आले, रक्ताचा नमुना मागितला, तर आपल्या कार्यकर्त्यांनी अडवणूक करू नये. संशोधन हवेच आहे. पण विचारावे. संमतिपत्र मराठीत आहे काय आणि ते वाचून दाखविले काय? नीतिसमितीची परवानगी कोणाची? औषधाची चाचणी असेल, तर राष्ट्रीय नोंदवहीत तिची नोंद आहे काय? २००९ पासून ती सक्तीची आहे. पैसा कोणाचा? कोणत्या गटास उपचार मिळणार नाही आणि का? निबंध कोठे छापणार, तो विनामूल्य वाचता येईल काय, आणि निष्कर्ष सांगावयास परत याच पारावर कधी येणार? दसऱ्यानंतर टोळ्या कारखान्यांकडे निघतात. त्याआधीच्या ग्रामसभेत हे प्रश्न एका कागदावर लिहून वाचून दाखवावेत, आणि त्या कागदाची एक प्रत आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावावी.