शिवी कोणाची?

२०२३ सालच्या लक्ष्मीपूजनापासून माझी धाकटी बहीण भाऊबीजेला माझ्या घरी आलेली नाही. ती काही विलायतेत राहत नाही. ती सिडकोत, आम्ही पंचवटीत. मध्ये एक गोदावरी, आणि तिच्यावर पुलांची वाण नाही. पण मेहुण्यांच्या आणि माझ्यामध्ये एक शब्द पडला आहे, आणि तो ओलांडणे आम्हा दोघांनाही अजून जमलेले नाही.

तो शब्द माझ्याच तोंडून गेला. त्या संध्याकाळी फराळाला बसलो असता कांद्याचा विषय निघाला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविले होते आणि लासलगावचे लिलाव काही दिवस बंद पडले होते. नाशिक जिल्ह्यातल्या घरात याहून रास्त विषय कोणता? पण दहा मिनिटांत कांदा ताटाखाली गेला आणि पक्ष ताटात आले. मी मेहुण्यांना एक शब्द म्हणालो. ‘अंधभक्त’, ‘चमचा’, ‘गद्दार’, ‘देशद्रोही’ असे जे शब्द आज चहाच्या टपरीवर साखरेसारखे विरघळतात, त्यांतलाच तो एक. मेहुणे उठले, चप्पल घातली आणि गेले. मागोमाग बहीण गेली. चकलीची वाटी तशीच राहिली.

मी कोणत्या बाजूने बोलत होतो ते येथे सांगत नाही. कारण ते सांगितले, की निम्मे वाचक म्हणतील, ‘बरोबर बोललात!’ आणि निम्मे म्हणतील, ‘वाटलेच होते!’ पुढचे वाचण्याची गरज दोघांनाही उरणार नाही. माणूस काय म्हणतो हे ऐकण्याआधी तो कोणाचा हे विचारायचे, ही आजची रीत आहे. आणि माझी तक्रार तिच्याविरुद्ध आहे.

शिवीविरुद्ध माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मराठी माणसाला शिवीचे वावडे कधीच नव्हते. शिमग्याला बोंब मारण्याची मुभा आपल्या पूर्वजांनीच दिली. तुकोबांनी ढोंग्यांना जे शब्द ऐकविले, ते आज एखाद्या वक्त्याने सभेत उच्चारले तर रात्री पोलीस त्याच्या दारी येतील. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांनी पंडित नेहरूंवर काय कमी आग ओकली? पण १९६४ साली नेहरू गेले तेव्हा त्याच लेखणीने ‘सूर्यास्त’ लिहिला. त्याच लढ्यात यशवंतराव चव्हाणांनाही पुष्कळ कडू ऐकावे लागले होते. पण चीनच्या आक्रमणानंतर ते संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ साली आमच्या नाशिकने त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठविले. शब्द कठोर होते. पण समोरचा माणूस आपलाच आहे हा विश्वास त्या शब्दांच्या खाली शिल्लक होता. आज शब्द तेच आहेत. खालचा विश्वास मात्र गेला आहे.

तो गेला की काय होते, याचे तीन दाखले देतो. तिन्हींत आमचा नाशिक जिल्हा आहे.

पहिला ऑगस्ट २०२१ चा. केंद्रीय मंत्री नारायण राणे तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्याविषयी कानाखाली वाजविण्याची भाषा बोलले. नाशिकच्या पोलिसांत गुन्हा दाखल झाला, आमच्या पोलीस आयुक्तांनी अटकेचा आदेश काढला, आणि २४ ऑगस्टला राण्यांना कोकणात अटक झाली. दुसरा मे २०२२ चा. शरद पवारांना उद्देशून समाजमाध्यमावर काही लिहिल्याच्या आरोपावरून आमच्या जिल्ह्यातल्या एका विद्यार्थ्याला अटक झाली. ते लिखाण मला मुळीच आवडलेले नाही. पण तो पोर महिन्याहून अधिक काळ कोठडीत राहिला. एक विद्यार्थी असा तुरुंगात राहिलेला खुद्द पवारांनाही आवडणार नाही, अशा आशयाचे उच्च न्यायालयाने सुनावले, तेव्हा कोठे सुटकेची वाट मोकळी झाली. तिसरा मार्च २०२५ चा. कुणाल कामरा या विनोदवीराने एकनाथ शिंदे यांचे नाव न घेता त्यांच्यावर एक विडंबनगीत म्हटले, त्यात ‘गद्दार’ शब्द होता. मुंबईतल्या ज्या सभागृहात तो कार्यक्रम झाला त्याची मोडतोड झाली, गुन्हे दाखल झाले. तक्रारी आमच्या जिल्ह्यातूनही गेल्या.

आता गंमत पाहा. पहिल्या दोन प्रसंगी ज्यांनी ‘विचारस्वातंत्र्याचा गळा घोटला’ म्हणून टाहो फोडला, त्यांतले बहुतेक तिसऱ्या प्रसंगी सभ्यतेवर प्रवचन देत होते. आणि पहिल्या दोन प्रसंगी ज्यांना सभ्यतेचा पुळका आला होता, त्यांना तिसऱ्या प्रसंगी घटनेचे १९ वे कलम तोंडपाठ झाले. जणू शिवी ही शब्दांत नसतेच, ती बोलणाऱ्याच्या झेंड्यात असते!

वाचकहो, मी दुसऱ्यांना हसत नाही. या तीनपैकी एका प्रसंगी मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते, आणि दुसऱ्या एका प्रसंगी रात्री बारापर्यंत जागून लोकशाहीच्या नावाने गळा काढला होता. दोन्ही वेळा मेहुण्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, ‘दादा, तेव्हा तुम्ही कोठे होतात?’ मला उत्तर सुचले नाही. उत्तर सुचत नाही तेव्हाच माणसाला शिवी सुचते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मला सुचली.

कोणी म्हणेल, भावना दुखावणाऱ्या शब्दांना सरकारने आवर घातला तर बिघडले कोठे? त्यांना मी नाशिकचाच इतिहास वाचा म्हणेन. १९०९ साली बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळे पाणी झाले, ते कवितांचे एक छोटे पुस्तक छापले म्हणून. सरकारची भावना दुखावली होती! कविता जप्त झाल्या. राग मात्र जप्त झाला नाही. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे २ मार्च १९३० रोजी काळारामाच्या दारी डॉक्टर आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसे एवढेच मागत होती, की आम्हालाही रामाचे दर्शन घेऊ द्या. तेव्हाही पुष्कळांच्या भावना दुखावल्याच होत्या. दुखावलेली भावना हाच न्याय मानला असता, तर त्या सत्याग्रह्यांनी कायम गप्पच राहायला हवे होते.

मग काय वाटेल ते बोलावे? नाही. ‘याला ठोका, त्याचे घर जाळा’ असे सांगणे हे बोलणे नव्हे, ती काठी आहे. तिच्यासाठी कायदा हवाच. जातीवरून चारचौघांत माणसाला हिणविणे हाही १९८९ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तो असलाच पाहिजे. कारण तेथे शब्द एकट्याचा नसतो, त्याच्यामागे शतकांचे ओझे असते. आणि भांडण पुरुषांचे असून शिवी मात्र आईबहिणीवरून का द्यायची, हे मला साठीतही उमगलेले नाही. पण पुढाऱ्याचा अपमान, पक्षाची टवाळी, सरकारवरचा जळजळीत शेरा, यांसाठी पोलीस नकोत. त्यांच्यासाठी आपले कान आहेत. तोंड आहे. उठून जाण्याची मोकळीक तर आहेच. असभ्य माणसाला तुरुंगात टाकले, की तो हुतात्मा होतो. त्याला कोणी हसलेच नाही, तर तो नुसता असभ्य राहतो.

म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे. दुसऱ्या बाजूच्या माणसावर बोलण्यावरून संकट आले, की पहिला निषेध माझा. आणि माझ्या बाजूच्या माणसाने घाण शब्द वापरला, की पहिला कान मी पकडायचा. हे करणे कठीण आहे. आपली माणसे ‘फितूर’ म्हणतात आणि पलीकडची विश्वास ठेवीत नाहीत. पण विश्वास परत यायचा तर त्याची सुरुवात कोणीतरी आधी खोटा पडून करावी लागते. सगळेजण दुसऱ्याच्या सुरुवातीची वाट पाहत बसले, तर कांद्याचा भाव कोण बोलणार?

हा लेख छापून आपल्या हाती पडेल तेव्हा भाऊबीज तोंडावर आलेली असेल. मी बहिणीला बोलावणे पाठविणार नाही. ओवाळणी घेऊन मीच पूल ओलांडून जाणार आहे. मेहुण्यांना म्हणेन, ‘तो शब्द माझा चुकला. तुमचे मत मला आजही पटत नाही, पण ते ऐकायला मी आलो आहे.’ ते दार उघडतील की नाही, ठाऊक नाही. उघडले, तर कांद्यापासून सुरुवात करू.