उन्हाळी प्रयोगशाळा : फुकटची दारं दूर, विकतचं प्रमाणपत्र मोबाईलवर

परीक्षा संपत आल्या की बेळगावातल्या पालकांच्या मोबाईलवर जाहिरातींचा पाऊस सुरू होतो. आठवी ते बारावीच्या मुलांसाठी 'रिसर्च इंटर्नशिप', घरबसल्या चार आठवडे, नामांकित मार्गदर्शक, शेवटी प्रमाणपत्र, आणि थोडे जास्त पैसे भरले तर मुलाच्या नावावर शोधनिबंधसुद्धा. मी कॉमर्सचा माणूस आहे, विज्ञानातलं फार कळतं असा दावा नाही. पण पावती वाचता येते. फी घेणाऱ्यानेच मुलाचं संशोधन चांगलं आहे असं ठरवायचं, हा हिशेब कुठल्याच ताळेबंदात बसत नाही.

हा धंदा अमेरिकेत आपल्या आधी फोफावला. कॉलेज प्रवेशासाठी शाळकरी मुलांच्या नावावर पैसे मोजून निबंध छापून आणण्याचा प्रकार 'प्रोपब्लिका' या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने 2023 मध्ये उजेडात आणला. त्याच अमेरिकेत 1984 साली सुरू झालेली 'रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट' आहे. आता ती एमआयटीत भरते. सहा आठवडे मुलं खऱ्या संशोधकांकडे काम करतात आणि शिकवणी फी नसते. पैसे घेणारं सगळंच खोटं असतं असं नाही. पण जिथे निवड कठीण आणि काम खरं, तिथे बहुधा मुलाकडून पैसे मागत नाहीत, एवढी खूणगाठ बांधायला हरकत नाही.

आपल्याकडे काय आहे? शाळकरी मुलांसाठी सगळ्यात सरळ दार इस्रोचं. 'युविका' म्हणजे युवा विज्ञानी कार्यक्रम, 2019 पासून. नववीच्या मुलांसाठी मे महिन्यात साधारण दोन आठवडे इस्रोच्या केंद्रांत राहायचं : तिरुवनंतपुरम, बेंगळुरू, अहमदाबाद, हैदराबाद, श्रीहरिकोटा, शिलाँग, डेहराडून. व्याख्यानं, प्रात्यक्षिकं, शास्त्रज्ञांशी बोलणं. रेल्वेच्या टू-टियर एसीचं भाडं, राहणं, जेवण, साहित्य, सगळं इस्रोकडून. पहिल्या वर्षी प्रत्येक राज्यातून तिघांना बोलावलं होतं, अलीकडे देशभरातून साडेतीनशेच्या आसपास मुलं घेतात.

आता निवड कशी होते ते पाहा. निम्मं वजन आठवीच्या गुणांना. मग ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शन, ऑलिंपियाड, खेळ, स्काऊट किंवा एनसीसी यांचे थोडे थोडे गुण. आणि ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेत शिकणाऱ्याला वेगळे गुण. म्हणजे खानापूर तालुक्यातल्या मुलाच्या पदरात शहरातल्या मुलापेक्षा आधीच काहीतरी पडतं. हा नियम जणू आपल्या भागासाठीच केलाय म्हणा ना. तरीही आपल्या मराठी शाळांत युविका हे नाव क्वचितच कानावर पडतं.

याचं एक कारण कॅलेंडर. 2024 मध्ये नोंदणी 20 फेब्रुवारी ते 20 मार्च अशी होती. त्या दिवसांत हायस्कूलचं सगळं लक्ष एसएसएलसीवर असतं. जादा तास, तयारी परीक्षा, हॉलतिकीट, केंद्र. नववीच्या वर्गाकडे बघायला कुणाला वेळ? दुसरं कारण भाषा. सूचना येते ती वेबसाइटवर, इंग्रजीत. सीबीएसई शाळांत ती त्याच दिवशी पालकांच्या ग्रुपवर जाते. मराठी माध्यमाच्या शाळेला खात्याकडून जे कागद येतात ते कन्नडमध्ये, त्यांचं मराठी होईपर्यंत आठवडा जातो, आणि यातलं बरंचसं तर कागदावर येतच नाही. सीमाभागातल्या मराठी शाळांबद्दल आपण बोलतो ते पटसंख्या, शिक्षकभरती आणि पाठ्यपुस्तकांबद्दल. ते बोललंच पाहिजे. पण चांगल्या मुलाला पुढे ढकलणारी अशी छोटी माहिती गळून पडते, त्याची तक्रार कुणी कुठे नोंदवत नाही.

अकरावीपासूनचं चित्र वेगळं आहे, आणि तिथे एक दार बंदही झालंय. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना, म्हणजे केव्हीपीवाय, 1999 पासून होती. अकरावी-बारावीत परीक्षा द्यायची आणि पुढे मूलभूत विज्ञान घेतलं तर पदवीच्या काळात महिन्याला पाच हजार रुपये. 2022 मध्ये ती 'इन्स्पायर' योजनेत मिसळली आणि वेगळी परीक्षा थांबली. इन्स्पायरमध्ये अकरावीच्या मुलांसाठी पाच दिवसांची निवासी शिबिरं आखलेली आहेत, पण ती दहावीच्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्यांसाठी. कर्नाटकातल्या लाखो मुलांत वरचा एक टक्का. ज्या हायस्कुलात विज्ञानाचा शिक्षक अर्धं वर्ष नसतो, तिथलं हुशार पोरही या गाळणीतून खाली राहतं. शिवाय एका शिबिरात शे-दोनशे मुलं म्हटल्यावर ती प्रयोगशाळा राहत नाही, सभागृह होतं.

याउलट पुण्याच्या आयुकात वर्षानुवर्षे शाळकरी मुलांचा उन्हाळी कार्यक्रम चालत आलाय. चार-पाच मुलांचा गट, एक संशोधक, एक आठवडा. मोठं यंत्र नाही, गाजावाजा नाही. मला विचाराल तर सगळ्यांत उपयोगाचा नमुना हाच. फक्त तो पुण्यातल्या शाळांसाठी आहे, आणि आपल्यापासून पुणे साडेतीनशे किलोमीटर.

मग बेळगावात असं काही होऊ शकतं का? शहरात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आहे, मेडिकल आणि इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. पण मला जास्त आशा वाटते ती आयसीएमआरच्या राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्थेकडून. ही केंद्र सरकारची संशोधन संस्था आपल्याच शहरात आहे. पश्चिम घाटातल्या औषधी वनस्पती आणि लोकांकडचं त्यांचं ज्ञान हा तिच्या कामाचा एक विषय. ऑगस्ट 2025 मध्ये आयसीएमआरने देशभरातल्या आपल्या संस्था नववी ते बारावीच्या मुलांसाठी एक दिवस उघडल्या होत्या. एक दिवस चांगलाच. पण एका दिवसात मूल काच बघतं, काचेखालचं बघत नाही.

मे महिन्यात दोन आठवडे, नववीची दहा मुलं, निम्मी मराठी आणि निम्मी कन्नड शाळांतली, एवढंच करून बघावं. धोक्याची रसायनं हातात द्यायची गरज नाही. वनस्पती गोळा करणं, वर्तमानपत्रात दाबून वाळवणं, हर्बेरियमच्या कागदावर चिकटवून जागा, तारीख, स्थानिक नाव लिहिणं, पानाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. जांबोटी-कणकुंबीकडच्या पोराला यातल्या कितीतरी झाडांची नावं आजीकडून माहीत असतात. इतर ठिकाणी जी मराठी त्याला मागे ओढते, ती इथे कामाला येते. लॅटिन नाव संशोधक सांगेल, गावातलं नाव पोरगं सांगेल.

अडचणी आहेतच. शास्त्रज्ञाच्या बढतीत शाळकरी मुलांना दिलेल्या वेळेला किती किंमत मिळते, हा प्रश्न आहे. अठरा वर्षांखालची मुलं म्हणजे पालकांचं संमतीपत्र, विमा, सोबत शिक्षक आणि खानापूरहून ये-जा करण्याचा खर्च आला. हा खर्च दहा मुलांसाठी फार मोठा नाही. मराठी संस्था सत्कार आणि व्यासपीठावर जेवढा करतात त्यातला थोडा इकडे वळवला तरी भागेल. सोबत जाणाऱ्या शिक्षकाचा विचार मात्र नीट व्हावा. भारतीय विज्ञान संस्था चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या चळ्ळकेरेजवळच्या आपल्या आवारात हायस्कूल आणि पीयू कॉलेजांच्या विज्ञान शिक्षकांना प्रयोगांचं प्रशिक्षण देते. मूल दोन वर्षांत शाळा सोडून जातं, शिक्षक वीस वर्षं राहतो.

तोवर युविका आहेच. ज्यांचं मूल यंदा आठवीत आहे त्यांनी वार्षिक परीक्षेचं गुणपत्रक, विज्ञान प्रदर्शनातल्या सहभागाचं प्रमाणपत्र आणि शाळा पंचायत हद्दीत असल्याचा मुख्याध्यापकांचा दाखला एका फाईलला लावून ठेवावा. फेब्रुवारीत मुख्याध्यापक एसएसएलसीच्या गडबडीत असतात, तेव्हा सहीला शोधावं लागतं.